मर्यादित आवृत्तीचा पेन: पैसे नक्षीचे की शाई भरण्याच्या यंत्रणेचे?

दौतवाला (सोलापूर):
नवी पेठेतल्या एका स्नेह्यांनी अलीकडेच घेतलेला मर्यादित आवृत्तीचा पेन मला हाताळायला दिला. टोपणावर क्रमांक कोरलेला, अंगावर चांदीची नक्षी, पेटी तर लग्नातल्या दागिन्यांना शोभावी अशी. परंतु मागचा भाग फिरवून उघडला, तेव्हा आत शाळकरी पेनात असतो तसाच प्लास्टिकचा कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी सुटी नळी, निघाला. पेलिकन या जर्मन कंपनीने १९२९ साली पिस्टनचा पेन बाजारात आणला, तेव्हापासून मागची मूठ फिरवून दट्ट्याने शाई थेट पेनाच्या पोटात ओढण्याची सोय उपलब्ध आहे. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये एक मिलिलिटरही शाई मावत नाही. एवढी किंमत मोजणाऱ्याला निदान स्वतंत्र यंत्रणा तरी मिळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातरस्ता:
आपले मत मला मान्य नाही. माझ्या पिस्टनच्या पेनात शाई तशीच ठेवून मी संपूर्ण मे महिना गावी काढला; परत आलो तेव्हा आतली शाई वाळून दट्ट्या जाम झाला होता आणि मी मूठ जोर लावून फिरवली, तेव्हा आत काहीतरी कट्‌कन तुटले. चूक माझीच होती, परंतु दुरुस्तीसाठी पेन परगावी पाठवावा लागला आणि तो आठ महिन्यांनी परत आला. कन्व्हर्टर बिघडला असता, तर दुसरा बसवून त्याच संध्याकाळी लिहायला बसलो असतो. पन्नास वर्षे जपायच्या वस्तूत सहज बदलता येणारा भाग असणे, ही मला कंजुषी वाटत नाही.

एबोनाइट:
आपण दोघेही ड्रॉपरने शाई भरायचे पेन विसरलात. राजमहेंद्रीचे पारंपरिक रत्नम पेन याच पद्धतीचे आहेत, आणि लाखांच्या घरात किंमत जाणारा, लाखेवर सोन्याची नक्षी केलेला जपानचा नामिकी एम्परर हासुद्धा ड्रॉपरनेच भरावा लागतो; फरक इतकाच की त्यात मागची मूठ घट्ट केली की शाईची वाट बंद करणारा दांडा आहे. त्यामुळे महाग पेनाची यंत्रणा गुंतागुंतीचीच हवी, हा दौतवाल्यांचा आग्रह टिकत नाही.

मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात साध्या ड्रॉपर पेनाची एक खोड सांभाळावी लागते. शाई तळाशी गेली की उरलेली जागा हवेने भरते, पारा ४२ अंशांवर गेला की ती तापते, आणि प्रसरण पावलेली ती हवा शाईला निबाखालच्या जिभेवाटे निबाकडे ढकलते. मग सही करता करता कागदावर टपोरा थेंब पडतो. एबोनाइटमधून, म्हणजे कडक रबरातून, उष्णता सावकाश जाते, म्हणून अॅक्रिलिकच्या मानाने हा त्रास कमी होतो; तरीही पाव भाग शाई उरली की पेन पुन्हा भरून घेणे बरे.

सातरस्ता:
यात माझ्याच बाजूची भर पडली, कारण कन्व्हर्टरमध्ये हवा मुळातच थोडी असते आणि त्याच्याभोवती पेनाच्या नळीचे आणखी एक आवरण असते.

चाटीगल्लीकर:
यंत्रणेवरचा हा वाद मला थोडा भाबडा वाटतो. २००९ साली माँ ब्लाँ या पेन कंपनीने महात्मा गांधींच्या नावाने सोन्याचा पेन काढला, त्याचे नग २४१ ठेवले आणि दांडीयात्रेच्या २४१ मैलांशी त्याचा संबंध जोडला; किंमत अकरा लाखांच्या वर होती. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या नावाने सोने विकावे, यावर तेव्हा टीका झाली आणि प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. परंतु आत शाई कशी भरतात, हे किती जणांनी विचारले? गिऱ्हाईक क्रमांकासाठी पैसे मोजते.

दौतवाला:
नामिकीचे उदाहरण मला निरुत्तर करते, हे मान्य करतो; ‘गुंतागुंतीची’ नव्हे, तर ‘त्या पेनासाठी विचारपूर्वक घडवलेली’ यंत्रणा हवी, अशी माझ्या म्हणण्यात दुरुस्ती करतो. चाटीगल्लीकरांचा मुद्दा पडताळावा म्हणून मी काल स्नेह्यांकडे पुन्हा गेलो आणि पेन एकदा भरून पाहू, असे सुचवले. शाई एकदा लागली की पुढे विकताना भाव उतरतो, असे म्हणून त्यांनी साधे पाणी भरण्यासही नकार दिला आणि पेटी कपाटात ठेवून कुलूप लावले.