आईची मशेरी सोडवायची आहे, सुरुवात कुठून करू?

पाटणची लेक
नमस्कार मंडळी. माझी आई साठीच्या पुढची, पाटण तालुक्यात गावी असते. मला कळायला लागल्यापासून तिला मशेरी लावताना बघतेय. सकाळी तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, सगळ्या घराला ठसका, मग चुरून डबीत. उठल्यावर, जेवणं झाली की, दुपारी आणि झोपायच्या आधी. डबी सापडली नाही तर घर डोक्यावर घेते.

मागच्या सुट्टीत खालच्या ओठाच्या आत, हिरडीजवळ, नखाएवढा पांढरा चट्टा दिसला. म्हणते, दुखत नाही तर कशाला जायचं दवाखान्यात. सोड म्हटलं तर, "दात घासते मी, दारू पिते का?" दादाने एकदा डबी ओढ्यात फेकली. दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडून नवी डबी.

आणि वहिनीला पाचवा महिना आहे. तीही आईबरोबर लावायला लागलीय. सासूसमोर ती यावर बोलणार नाही. मी पुण्यात, आता गणपतीलाच जाणं होईल. काय करू?

घाटावरचा
माझी आजी नव्वदीपर्यंत मशेरी लावत होती. या वयात म्हाताऱ्या माणसाचा जीव कशाला खायचा? राहू द्या त्यांना सुखाने.

निवृत्त नर्सबाई
ताई, आधी त्या चट्ट्याचं बघा. बाकीचं मागाहून. तोंडातला कर्करोग सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही, त्यामुळे "दुखत नाही" यावर विसंबू नका. असे बहुतेक चट्टे कर्करोगाचे नसतात, पण ते डॉक्टरांनी बघून सांगायचं असतं, आणि कधी तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा काढला की रोग पसरतो, या भीतीने बायका खुर्चीवरून उठून गेलेल्या मी पाहिल्यात. पसरत नाही. आईंना हे आधीच सांगून ठेवा. गणपतीपर्यंत थांबू नका, दादाला साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा.

घाटावरच्या भाऊंची आजी नव्वद वर्षं जगली, आनंद आहे. मी ज्यांना मुंबईला टाटाला पाठवलं त्यातल्या बऱ्याच जणींनी पन्नाशीसुद्धा पाहिली नाही.

आता आईंच्या म्हणण्याबद्दल. नोकरीत असताना आम्ही घरोघर विचारायचो, "तंबाखू खाता का?" बायका म्हणायच्या, नाही. खोटं नव्हतं ते, त्या खातच नव्हत्या. मग मी "मशेरी लावता का?" असं विचारायला लागले, तर घरटी एक तरी हो निघायची. 1992 साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी आली, 2012 साली राज्यात गुटखा बंद झाला. घरच्या तव्यावर भाजलेली तंबाखू मात्र कुणाच्या हिशोबातच नाही. भाजल्याने ती निर्धोक होत नाही, उलट जळण्यातून आणखी विषारी द्रव्यं तयार होतात. आणि निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं. म्हणून डबी नसली की चिडचिड. त्याला हट्ट म्हणू नका, शरीर मागतंय ते.

"लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" असंही म्हणत असतील, तर ते खरं आहे. निकोटीनने आतडी हलतात, सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतो. आधीच कोमट पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल सुरू करा. कितीतरी बायका या एका कारणाने परत डबी उघडतात. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड जातात, डोकं धरतं, झोप लागत नाही. डबी फेकायची नाही. तारीख त्यांनी स्वतः ठरवायची. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही करा, मग आईंच्या हातात द्या.

वहिनींचं सासूसमोर काढूच नका. आशाताईला गाठा, त्या घरी येतातच, एकटीत बोलतील. मशेरीमुळे बाळ कमी वजनाचं होऊ शकतं, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होऊ शकतं. पाचव्या महिन्यात सोडली तरी बाळाला फायदा आहे. मात्र निकोटीनचा गम वगैरे गरोदरपणी आपल्या मनाने अजिबात नको.

चिपळूणकर काकू
मी सोडलेय हो, म्हणून लिहिते. मला तंबाखूपेक्षा ती वेळ सुटत नव्हती. दुपारी भांडी झाली की पडवीत आम्ही दोघी-तिघी जावा डबी घेऊन बसायचो, सगळी सुखदुःखं तिथेच बोलायची. सोडली तेव्हा पडवीत बसणं नाही सोडलं. ओवा आणि बडीशेप भाजून तीच डबी भरली. सून घरात होती, पण एक टोमणा नाही मारला तिने, त्याचा फार आधार झाला. तुमच्या शेजारच्या काकूंनाही बरोबर घ्या, नाहीतर तिकडून डबी येतच राहील.

पाटणची लेक
खूप आभार सगळ्यांचे. रात्री दादाशी बोलले, सोमवारी तो आईला साताऱ्याला नेतोय. फक्त "दात दाखवायला जाऊ" एवढंच सांगितलंय, त्याला ती तयार झाली. आशाताईंचा नंबर वहिनीच्या बहिणीकडून मिळाला. औषधाच्या दुकानात निकोटीनचा गम मिळतो म्हणे, तो पाठवू का? आईला वरची कवळी आहे आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

निवृत्त नर्सबाई
आत्ताच पाठवू नका. कवळीला गम चिकटतो आणि बीपी आहे, तेव्हा गम की अंगाला लावायची पट्टी हे डॉक्टरांनाच विचारा. गम दिलाच तर तो चघळत बसायचा नसतो. थोडा चावून जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा. त्याआधी पाव तास चहा नाही, चहावर तो नीट लागू पडत नाही. सोमवारी गोळ्यांची चिठ्ठी बरोबर द्या. आणि कवळी काढून सगळं तोंड बघायला सांगा, कवळीखालची जागा बघायची राहून जाते.