मदत हवी आहे : भर उन्हात बागेची कामं, मजुरांच्या टोळीच्या वेळा कशा बसवता?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. मी नाशकात नोकरीला, बाग अण्णा (वडील, वय ६४) बघतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खरड छाटणी चालू होती. ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही छाटणी झाली की वेलीवर पान राहत नाही, नुसते ओलांडे (तारेवरच्या आडव्या जाड फांद्या) आणि तारा. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि बागेत सावलीच नाही. दुपारी एकच्या सुमाराला ओलांड्यांना पेस्ट (डोळे फुटवायचं औषध) लावणाऱ्या बायकांमागे फिरता फिरता अण्णा मुकादमाला माझ्या नावाने हाका मारायला लागले. मग बसले ते उठेचनात. घरच्यांनी तळपायाला कांदा चोळला, साखरपाणी पाजलं, यात तास गेला. दोन दिवस सलाइन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.९, म्हणजे वाढलेलं. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, हे आम्हाला दवाखान्यात कळलं!

त्याच दिवशी टोळीतल्या एका मावशींना उलट्या झाल्या. हातमोजे काढून ठेवले होते, आत घाम साचून बोटं पांढरी पडतात म्हणाल्या. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. त्रास उन्हाचा की औषधाचा, कोणालाच सांगता येईना.

आता विरळणी (जादा फुटवे काढणं), पुढे सबकेन (काडीचा शेंडा खुडून बगलफूट घेणं). टोळी सुरगाण्याची, काम एकरी उक्तं. दुपारी थांबा म्हटलं तर मुकादम म्हणतो, "भाऊ, थांबलो तर पुढची बाग हातची जाते." बरोबर आहे त्याचं. वाढवून द्यावं तर गेल्या वर्षी, २०२५ला, मे महिन्यातच पावसाने ठाण मांडलं. काडीला ऊन मिळालं नाही, तिच्या डोळ्यात घड तयारच झाला नाही, हंगामात निम्म्या काड्या वांझ, बिनघडाच्या निघाल्या. फवारणीचा खर्च मात्र पूर्ण.

तुमच्याकडे दुपार कशी सोडवता? खाडा कोणाच्या माथी पडतो? आणि फळपीक विम्यात माणसाला उन्हाचा त्रास झाला तर काही मिळतं का?

प्रतिसाद १
आधी अण्णांचं. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण उन्हाळ्यापुरती बदलायची का हे डॉक्टरांना विचाराच. क्रिएटिनिन वाढलेलं असताना पाणी किती प्यायचं हेही त्यांनाच विचारा. माणूस असंबद्ध बोलायला लागला की तो ऊष्माघात धरायचा. १०८ला फोन, सावली, अंगावर पाणी, वारा, काखेत आणि मानेला ओली फडकी. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, साखरपाणीसुद्धा. कांद्याने काही होत नाही, वेळ जातो. आणि पेस्टच्या दिवसांत दारूचा थेंब नको, सायनामाइडवर ती फार वाईट बाधते. हे टोळीला स्पष्ट सांगा.

प्रतिसाद २
आम्ही सहा ते अकरा आणि चार ते सात करतो. पहिल्या वर्षी जमलं नाही, कारण बायकांना पहाटे स्वयंपाक उरकून यावं लागायचं. आता सकाळची न्याहारी आमच्याकडून. एकरी दर तोच, पण एक दिवस जास्त लागतो त्याची हजेरी आम्ही वेगळी देतो. फळपीक विमा हवामानावर चालतो, पण पिकाचा, माणसाचा नाही. गुजरातेत 'सेवा' संघटनेने २०२३मध्ये कष्टकरी बायकांसाठी तापमान ठरावीक आकड्यापुढे गेलं की पैसे देणारा विमा सुरू केला. तसं काही आपल्याकडच्या टोळ्यांना हवं.

धागाकर्ता
दोघांचे आभार. न्याहारीचं डोक्यातच आलं नव्हतं. काल हिशोब केला, एका दिवसाची वाढीव हजेरी अण्णांच्या दवाखान्याच्या बिलापेक्षा कमीच भरते. ओलांडे एकसारखे फुटावेत म्हणून आम्ही त्यांच्यावर दिवसातून दोनदा पाणी मारतो, आणि टोळीला एकच माठ, तोही लांब शेडवर. आज दोन जार ओळींच्या तोंडाशी ठेवले. मुकादम सोमवारी सहाला येतो म्हणालाय. पेस्टच्या कामाला घाम न साचणारे हातमोजे कोणी वापरले असतील तर कुठले, तेवढं सांगा.