विषारी देहाचं पात्र: आधी कारण की आधी नियम?

सोमल
विषकन्या आणि तिच्या गोतावळ्यातली पात्रं (स्पर्शाने मारणारा राजपुत्र, श्वासातून विष सोडणारी परग्रहवासी, ज्याचं रक्त सांडलं की गवत करपतं असा योद्धा) वाचताना एक खडा हमखास दाताखाली येतो. "तिला लहानपणापासून थोडं थोडं विष चारलं" एवढं सांगून लेखक मोकळा होतो. या वाक्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. विष पचवणं वेगळं आणि विषारी होणं वेगळं.

सर्पदंशावरची लस कशी करतात बघा. घोड्याला सापाचं विष अगदी कमी मात्रेत टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवत नेतात. म्हणजे विषकन्येचीच कृती. शेवटी त्या घोड्याचं रक्त विषारी होतं का? उलट, त्यातूनच उतारा निघतो. हाच न्याय लावला तर विषकन्येचं रक्त पाजून राजा वाचायला हवा.

हे झालं सापाच्या विषाचं. ती प्रथिनं असतात, म्हणून शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. बचनागातल्या अ‍ॅकोनिटीनसारखा रेणू इतका लहान असतो की प्रतिकारयंत्रणा त्याची दखलच घेत नाही. तिथे "सवय झाली" म्हणून भागत नाही.

आता खरोखर सवय होते असं म्हटलं जाणारं विष घ्या: सोमल, म्हणजे आर्सेनिक. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागात १९व्या शतकात सोमल खाणारे लोक होते. १८७५ साली ग्राझ शहरात भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांतल्या एकाने सुमारे ४०० मिलिग्रॅम सोमल खाऊन दाखवला होता. सामान्य माणूस १०० ते २०० मिलिग्रॅममध्ये आटोपतो. समजा, आपल्या नायिकेने ४०० मिलिग्रॅम खाल्ला आणि तो सगळा अंगातल्या ४० लिटर पाण्यात सारखा पसरला. १ मिलिलिटर लाळेत आला ०.०१ मिलिग्रॅम. चुंबनागणिक १ मिलिलिटर लाळ गेली असं धरलं, तरी राजाला मरायला दहा हजार चुंबनं लागतील, तीही एका दमात.

म्हणून माझं मत: असं पात्र लिहायचं तर कारण नीट द्या. विष येतं कुठून, साठतं कुठे आणि तिला स्वतःला का बाधत नाही, या तिन्हींची उत्तरं हवीत. नाहीतर सरळ जादू म्हणा, आमचं काही म्हणणं नाही.

अर्धमात्रा
असहमत. हिशोब मजेशीर आहे, पण कथेला त्याचा उपयोग शून्य.

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकातली विषकन्या आठवा. नंदांचा अमात्य राक्षस याने ती चंद्रगुप्ताला मारायला राखून ठेवलेली, चाणक्याने डाव फिरवला आणि मेला चंद्रगुप्ताचा दोस्त राजा पर्वतक. विशाखदत्त तिचं विष कसं तयार झालं यावर एक अक्षर लिहीत नाही. पण दुसऱ्या अंकात राक्षसाच्या तोंडी तिच्यासाठी एक विशेषण येतं: 'एकपुरुषव्यापादिनी'. एकाच पुरुषाला मारणारी. लगेच उपमा येते ती कर्णाच्या शक्तीची: अर्जुनासाठी जपली आणि घटोत्कचावर खर्ची पडली.

हा नियम आहे, कारण नव्हे. बाण एकच आणि तो भलत्यावर सुटला. सगळा ताण त्या एका विशेषणातून येतो. "का एकच?" असं कुणी विचारत नाही, कारण विचारायची गरज पडत नाही. लेखकाने नियम ठरवावा, वाचकाला तो वेळेवर सांगावा आणि मग काही झालं तरी मोडू नये. कारणं देत बसलात की वाचक तुमच्यासारखा कॅल्क्युलेटर काढतो.

पानकिडा
सोमल, एक किरकोळ दुरुस्ती. बाईच्या अंगातलं पाणी ३० लिटरच्या आसपास धरा. साडेसात हजार चुंबनं. राजाची सुटका नाहीच.

पण तुमचे ते तीन प्रश्न योग्य आहेत, आणि निसर्गातली त्यांची उत्तरं बहुतेक लेखकांच्या कल्पनेपेक्षा चमत्कारिक आहेत. कोलंबियातला सोनेरी विषारी बेडूक जेमतेम ५ सेंटिमीटरचा. कातडीत १ मिलिग्रॅमच्या आसपास बॅट्राकोटॉक्सिन, आणि माणूस मरायला ०.२ मिलिग्रॅमसुद्धा पुष्कळ, असा अंदाज आहे. हे विष तो स्वतः बनवत नाही. ते खाण्यातून येतं, बहुधा बारीक भुंगेऱ्यांतून. पिंजऱ्यात वाढवून दुसरे किडे खाऊ घातलेल्या पिल्लांमध्ये विष नसतं. न्यू गिनीतल्या पितोहुई पक्ष्याच्या पिसांत आणि कातडीत याच कुळातलं विष सापडलं (शोधनिबंध १९९२ चा), आणि तेही भुंगेऱ्यांचंच. एका भागातला पितोहुई जास्त विषारी, दुसऱ्या भागातला कमी.

जपानमधला एक गवत्या साप भेक खातो आणि भेकांचं विष मानेवरच्या ग्रंथींत साठवतो. ज्या बेटावर भेक नाहीत तिथल्या सापांच्या ग्रंथींत ते विष नसतं. आणि मादीने भरपूर भेक खाल्ले असतील तर पिल्लं जन्मतःच थोडं विष घेऊन येतात.

यातून कथानक आपोआप निघतं. नायिकेला कैदेत टाका आणि साधं जेवण द्या: काही महिन्यांत ती निर्विष. दुष्काळात तिचं खाद्य संपलं तर तिचं संरक्षण संपलं. आईने गरोदरपणात काय खाल्लं यावर मुलीचं नशीब. अर्धमात्रा, हे नियमच आहेत, पण कारण माहीत असल्याशिवाय ते सुचले नसते.

उलटतपासणी
तुम्ही दोघं तिच्या ग्रंथी मोजताय, आणि तिला तोंड आहे की नाही हे कुणी विचारत नाही. मुद्राराक्षसात ती रंगमंचावर येतसुद्धा नाही. नाव नाही, संवाद नाही. ती कर्णाची शक्ती आहे, म्हणजे वस्तू. एकदा वापरून संपणारी.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात राजाच्या अन्नरक्षणाच्या प्रकरणात तिचा उल्लेख येतो, तोही एका ओळीत: तिच्या संगाने माणूस क्षणात प्राण सोडतो. सल्ला राजाला आहे, तिला नाही. जैन आचार्य हेमचंद्राच्या परिशिष्टपर्व या ग्रंथात पर्वतक तिच्याशी लग्न लावतो, तिच्या हाताच्या घामातून विष त्याच्यात उतरतं, आणि चंद्रगुप्त मदतीला धावणार तोच चाणक्य भुवईने त्याला थांबवतो. त्याच लग्नात ती उभी आहे, हात तिचाच आहे. तिला माहीत होतं का? ग्रंथ गप्प.

माझ्या लेखी पहिला प्रश्न हा: तिला स्वतःबद्दल काय आणि कधी कळतं. मेरी मॅलनचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण, अंगात टायफॉइडचे जंतू, पण स्वतः ठणठणीत. १९०७ मध्ये पकडून बेटावर ठेवली, १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडली, १९१५ मध्ये पुन्हा स्वयंपाकघरात सापडली, आणि मग १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावरच. आपल्यामुळे कुणी आजारी पडतं हे तिने कधी मान्य केलं नाही. स्वतःला अपाय नसलेला माणूस "मी घातक आहे" यावर विश्वास का ठेवेल? विषारी देहाच्या कथेचं खरं मर्म हे आहे.

अर्धमात्रा
मेरीचं उदाहरण मान्य, चांगलं आहे. पण प्रत्येक विषकन्येला आत्मकथन लिहायला लावू नका. काही कथांत ती अफवा म्हणूनच जास्त भयंकर असते. पर्वतकाला राक्षसाने मारलं की चाणक्याने, या प्रचारावर पर्वतकाचा मुलगा मलयकेतू याचं सगळं राजकारण फिरतं. ती बोलली असती तर नाटक पहिल्या अंकात संपलं असतं.

सोमल
अफवा असेल तर नियमही नको आणि कारणही नको, इथवर पटलं. पण तीच नायिका होऊन ३०० पानं चालायची असेल तर विशेषणावर निभत नाही. सकाळी तिची वेणी कोण घालतं? तिचं उष्टं ताट कुठे जातं? पाऊस पडला की अंगणातल्या कोंबड्या मरतात का?

दवबिंदू
या प्रश्नांची तयार उत्तरं रुग्णालयात आहेत. दुसऱ्याला अपायकारक झालेला देह ही कल्पना नाही.

थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिलेल्या माणसाचं शरीर काही दिवस इतरांवर किरण टाकत असतं. त्याच्या लाळेत, घामात, लघवीत आयोडीन असतं. अर्धायुष्य ८ दिवस. सूचना अशा असतात: वेगळी खोली, वेगळं अंथरूण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांपासून जास्त दिवस लांब, ताटवाटी आणि टॉवेल वेगळे, शौचानंतर दोनतीनदा पाणी, कपडे वेगळे धुवायचे. केमोथेरपीच्या अनेक औषधांनंतर निदान ४८ तास रुग्णाची लघवी, उलटी, चादरी हातमोजे घालूनच हाताळायच्या. आयोडीन घेतलेल्याला तर काही दिवस घरच्यांना प्रेमाने जवळ घेऊ नये असं कागदावर लिहून दिलेलं असतं. याहून कोरडी आणि याहून परिणामकारक विषकन्येची दिनचर्या मी तरी कथेत पाहिलेली नाही.

लेखक जिथे हमखास चुकतात ती जागा म्हणजे हातमोजे. पात्राने मोजे घातले की सगळे निर्धास्त. पण विष घामातून येत असेल तर मोज्याच्या आतली बाजू दिवसभर विषात भिजते आहे. सुती मोजा काही वेळात पाझरतो. कातडी मोजा ते शोषून ठेवतो आणि पुढचे कितीतरी दिवस स्वतःच विषारी राहतो. काढताना मनगटाची कड बाहेरून चिमटीत धरून मोजा उलटा करत ओढायचा, दुसऱ्याची कड आतून बोट सरकवून काढायची. हे बाहेरच्या घाणीसाठी आहे. इथे घाण आत आहे, म्हणजे उलटलेला मोजा हाच सर्वांत घातक. तो कुठे टाकला हे पान लिहिलेलं असलं पाहिजे.

दुसरी चूक, कातडी. निरोगी कातडी हा चांगला पडदा आहे. पाण्यात विरघळणारे मोठे रेणू त्यातून सहसा जात नाहीत. तेलात विरघळणारे लहान रेणू जातात. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना कातडीतून निकोटीन भिनून मळमळ आणि चक्कर येते, तसे. म्हणून नुसता हात धरून मृत्यू हवा असेल तर विष तेलकट ठेवा. नाहीतर ओठ, डोळे, हिरड्या, नखाजवळची चीर असा मार्ग दाखवा. दाढी करताना कापलेला गालसुद्धा पुरतो.

पानकिडा
दवबिंदू, मोज्यांबद्दल कडक सलाम.

मृत्यूच्या दृश्याबद्दल भर. "क्षणात कोसळला" हे सुश्रुताला शोभतं, कारण तो इशारा देतोय. दृश्य लिहिताना वेळ द्या. टेट्रोडोटॉक्सिन (फुग्या माशातलं, काही सॅलमँडरांतलं) तोंडावाटे १ ते २ मिलिग्रॅम गेलं तर जीव जाऊ शकतो, पण सुरुवात २० मिनिटांनी किंवा दोनतीन तासांनीही होते. आधी ओठ आणि जीभ बधिर, मग बोटं, मग बोलणं अडखळतं, मग श्वासाचे स्नायू थांबतात. शुद्ध बहुधा शेवटपर्यंत राहते. उतारा नाही. कृत्रिम श्वास देत राहिलं आणि पहिले २४ तास निघाले तर माणूस बहुधा वाचतो. म्हणजे मारणारी आणि मरणारा एकमेकांकडे बघत बसलेत, बोलू फक्त तीच शकते, आणि त्याच्या तोंडात श्वास फुंकून त्याला वाचवणारं जवळ दुसरं कुणी नाही. ती फुंकू शकत नाही.

अर्धमात्रा
हे शेवटचं वाक्य मी चोरणार.

तरी माझा मुद्दा तसाच उभा आहे. ही सगळी माहिती लेखकाच्या वहीत राहू दे. पानावर फक्त "ती फुंकू शकत नाही" एवढंच यावं. हॉथॉर्नच्या १८४४ च्या कथेतल्या विषारी बागेतल्या मुलीला उतारा पाजतात आणि त्यानेच ती मरते. विष हाच तिचा प्राण असेल तर उतारा हेच तिचं विष, हा नियम. रसायन विचारलंत तर कथा तिथेच कोसळते. विचारलं नाही तर पावणेदोनशे वर्षं टिकते.

सोमल
कोसळत नाही. अफूची सवय जडलेल्याला नॅलोक्सोनसारखा उतारा भरपूर दिला तर त्याचे हाल कुत्रा खात नाही. तिचं शरीर विषाभोवती जुळवून घेतलेलं असेल, तर विष एकाएकी निष्प्रभ करणं तिला झेपणार नाही, हे चांगलं पटण्यासारखं आहे. बघा, कारण दिल्याने तुमचा लाडका नियम बळकट झाला.

तिला स्वतःला का बाधत नाही, याचीही दोन वेगळी उत्तरं दोन वेगळी पात्रं देतात. मोनार्क फुलपाखराच्या सुरवंटात विष ज्याला चिकटतं ते प्रथिनच बदललेलं आहे: कुलूप बदललं, किल्ली निरुपयोगी. विषारी बेडकांबद्दल मात्र २०२१ मध्ये असा पुरावा आला की कुलूप तितकं बदललेलं नसावं, अंगातलं एखादं प्रथिन स्पंजासारखं विष धरून ठेवत असावं. पहिल्या प्रकारची नायिका कायमची सुरक्षित. दुसऱ्या प्रकारची स्पंज भरेपर्यंतच. ताप आला, उपास घडला, बाळंतपण झालं, स्पंज अपुरा पडला, की ती स्वतःच्याच विषाने मरते. मला दुसरी आवडेल.

उलटतपासणी
स्पंजवाली मलाही चालेल. निदान तिला स्वतःच्या देहाची भीती वाटेल, नुसती राजाला नाही.

एक सापडलेली गोष्ट देते, कुणीतरी वापरा. अष्टांगसंग्रह या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात विषकन्या ओळखायच्या खुणा आहेत: तिच्या केसांतली फुलं कोमेजतात, अंथरुणातले ढेकूण मरतात, कपड्यांतल्या उवा मरतात, स्नानाच्या पाण्यात किडे मरतात. हे सगळं सर्वांत आधी कुणाच्या लक्षात येईल? चाणक्याच्या नाही. जी रोज अंथरूण झटकते आणि केसांत फुलं माळते तिच्या. ती दासी मेली कशी नाही, हा सोमलचा प्रश्न. तिने कुणाला सांगितलं का नाही, हा माझा.

दवबिंदू
पहिल्याचं उत्तर: माळणाऱ्या हाताला तेल लावू नका. वेणीचं तेल लावलेल्या बोटांवर तेलकट विष उतरतं आणि तिथून आत जायला त्याला सोपं पडतं. कोरडी बोटं, लांब दांड्याची फणी, आणि काम झाल्यावर राख लावून हात धुणं. राखेच्या खाराने प्रत्येक विष मोडेलच असं नाही; सोमल तर मोडतच नाही, नुसता धुऊन जातो. त्यामुळे विष कुठलं ते आधी ठरवा, नाहीतर दासी तिसऱ्या प्रकरणात जाईल.