मदत हवी आहे: मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) विद्युत अपघटनात तांबं हिशेबाच्या निम्मंच का जमतं?

नववीच्या मुलांना आयनाचा प्रभार प्रत्यक्ष मोजून दाखवायचा आहे. २०० मिली पाण्यात २५ ग्रॅम मोरचूद, दोन्ही पट्ट्या तांब्याच्या, ०.५ अँपिअर, ३० मिनिटं. म्हणजे ९०० कूलोम. त्याला ९६,४८५ ने (एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार, कूलोममध्ये) भागून ६३.५५ ने (तांब्याचं अणुवस्तुमान) गुणलं की ०.५९ ग्रॅम येतात. ऋणाग्राचं (ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीचं) वजन मात्र ०.२८ ग्रॅमच वाढतं. शिवाय मुलं विचारतात, तांब्यात २९ प्रोटॉन आहेत, मग आयनाचा प्रभार +२९ का नाही?

प्रतिसाद १

वजन ठीक आहे, भागाकारात २ घालायचा राहिलाय. मोरचुदातल्या तांब्याच्या आयनात २९ प्रोटॉन आणि २७ इलेक्ट्रॉन असतात. प्रभार ही वजाबाकी आहे, म्हणून +२. अणुकेंद्रक जसंच्या तसं राहतं, फक्त इलेक्ट्रॉन जातात-येतात. सल्फेटमध्ये उलट: गंधकाचे १६ आणि चार ऑक्सिजनचे ३२ मिळून ४८ प्रोटॉन, इलेक्ट्रॉन ५०. म्हणून −२, आणि द्रावण उदासीन.

एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम. एका आयनाला असे दोन लागतात, म्हणून अपेक्षित वाढ ०.२९६ ग्रॅम. मुलांकडून उलटा हिशेब करून घ्या: ०.५९३ भागिले ०.२८ म्हणजे २.१. प्रभार पूर्णांकच असतो, म्हणून २. हेच तर दाखवायचं आहे!

प्रतिसाद २

उरलेली ०.०१६ ग्रॅमची तूट बहुधा धुताना होते. पट्टीचा बुडालेला भाग लहान असेल तर तांबं काळपट, भुसभुशीत बसतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. ०.५ अँपिअरला निदान २५ चौ. सेंमी भाग बुडवा. पट्टी आधी पॉलिश पेपरने घासा. नंतर नळाखाली धरू नका. ऊर्ध्वपातित पाण्यात हलकेच बुडवा, मग स्पिरिटमध्ये, आणि हवेत वाळवा. ज्योतीवर वाळवली तर काळं ऑक्साइड होऊन वजन खोटं वाढतं. काटा निदान ०.०१ ग्रॅमचा हवा. प्रवाह आपोआप बदलतो, दर ५ मिनिटांनी अँमीटर बघून रिओस्टॅटने (कमी-जास्त करता येणाऱ्या रोधाने) सारखा करा.

धागाकर्ता

आभार! ऋणाग्र म्हणून लोखंडी खिळा चालेल का?

प्रतिसाद २

नको. वीज न देताच त्यावर तांबं चढतं. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला देऊन स्वतः द्रावणात जातो. ५५.८५ ग्रॅम लोखंड गेलं की ६३.५५ ग्रॅम तांबं येतं, त्यामुळे वजनातल्या वाढीवरून काहीच ठरवता येत नाही.