चिप बनवणाऱ्या कारखान्याला, म्हणजे फॅबला, सरकारचे निम्मे पैसे आणि संशोधनाला चिल्लर? पटतंय का तुम्हाला?

हिंजवडीचा_हमाल:
बारा वर्षं चिप डिझाइनमध्येच घासतोय, तेव्हा माझं मत एकांगी आहे हे आधीच कबूल. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी मंजूर केले, त्यात आपल्याकडच्या डिझाइन स्टार्टअपसाठी डीएलआय (डिझाइनला प्रोत्साहन) योजना १,००० कोटींची. एका अर्जाला खर्चाच्या निम्मे, फार तर १५ कोटी, आणि तेही आधी खिशातून घाला मग परत मिळणार. तिकडे धोलेऱ्याची टाटांची फॅब ९१,००० कोटींची, तिथेही पात्र खर्चाचा अर्धा वाटा केंद्राचा. टेक्नॉलॉजी तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीची. यात आपलं संशोधन कुठंय? पाषाणला सी-मेट आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या मटेरियलवर काम करणारी सरकारी लॅब, रोज तिच्यावरून जाणाऱ्या दहा पुणेकरांना विचारा काय आहे ते!

तळेगावकर:
अहो पण फॅबच नसेल तर चिप बनवणार कुठे, पाषाणच्या टेकडीवर? तैवाननेही आधी विकतच घेतलं. १९७६ ला आरसीए या अमेरिकन कंपनीकडून चिप बनवायच्या तंत्राचं लायसन्स घेतलं, पोरं अमेरिकेला शिकायला धाडली. टीएसएमसी, त्यांची सगळ्यात मोठी चिप कंपनी, तिच्यातही सुरुवातीला जवळजवळ निम्मा पैसा सरकारचा. मग आपण दिला तर काय बिघडलं? आम्ही तळेगावात वेदांता-फॉक्सकॉनच्या चिप कारखान्याची वाट बघत बसलो, सप्टेंबर २०२२ ला ते गुजरातला गेले आणि जुलै २०२३ ला फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर. एजंट लोकांनी प्लॉटचे रेट वाढवले ते मात्र खाली आले नाहीत.

हिंजवडीचा_हमाल:
तुम्ही माझीच बाजू मांडताय राव. ते लायसन्स घेतलं कोणी? इट्रीने, सरकारी संशोधन संस्थेने, १९७३ ची. टीएसएमसी १९८७ ची. चौदा वर्षं आधी लॅब पोसली त्यांनी.

निवृत्त_काका:
लॅब पोसून काय होतं ते मोहालीत, सरकारच्या एससीएल या चिप कारखान्यात, बघितलंय आपण. १९८४ ला उत्पादन सुरू, १९८९ ला आग लागली, त्यानंतर जग पुढं गेलं आणि आपण मागे राहिलो ते राहिलोच. आज तिथे १८० नॅनोमीटर, म्हणजे जुन्या, जाडसर तंत्राच्या चिप. इस्रोचा विक्रम ३२०१ प्रोसेसर तिथलाच, रॉकेटला तेवढं पुरतं, त्याला नावं ठेवत नाही, पण मोबाइलला नाही पुरत. आणि आता कोणीतरी पुण्याच्या सीडॅकच्या परम ८००० या सुपरकॉम्प्युटरचा विषय काढेलच म्हणून आधीच सांगतो, १९९१ चं ते मशीन झकास होतं, पण आतले ट्रान्सप्युटर, म्हणजे प्रोसेसर चिप, ब्रिटिश इनमॉस कंपनीचे होते. एकत्र बांधायची अक्कल आपली, चिप त्यांची.

एमटेक_ग्रस्त:
मोठ्या लोकांच्या भांडणात पडतोय सॉरी. चिप्स टू स्टार्टअप या सरकारी योजनेतून आमच्या कॉलेजला चिप डिझाइनची सॉफ्टवेअर टूल मिळाली, हे खरंच भारी झालं, पूर्वी लायसन्सची किंमत ऐकूनच सर विषय बदलायचे. पण प्रोब स्टेशनच्या, म्हणजे चिपला सुया टेकवून टेस्ट करायच्या मशीनच्या, सुया संपल्यात. तीन कोटेशन, कमिटी, मग सही करणारे सर रजेवर, असे सहा महिने गेले. मार्चमध्ये मात्र फंड संपवायचा म्हणून नवीन खुर्च्या आल्या. उद्या चिप बनून आली तरी टेस्ट काय खुर्च्यांवर करू?

निवृत्त_काका:
हे मात्र आमच्या वेळेपासून तसंच आहे. पैसा येतो, सुई येत नाही.

हिंजवडीचा_हमाल:
@एमटेक_ग्रस्त व्यनि (खाजगी मेसेज) कर. आमच्या लॅबमध्ये जुन्या टंगस्टनच्या सुया पडून आहेत, साहेबांना विचारून देतो.

तळेगावकर:
सुया पण इंपोर्टेडच असतील ना? 😄

हिंजवडीचा_हमाल:
हो.