लंडनची जुनी भुयारी स्टेशनं: जीव जडावा असं त्यांच्यात आहे तरी काय?

टेम्सकाठची (धागाकर्ती)

परवा इथल्या एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. बोलता बोलता एक जण म्हणाले, "ही जुनी भुयारी स्टेशनं एकदा सरसकट पाडावीत आणि सगळीकडे नव्या एलिझाबेथ लाइनसारखी रुंद, उजेडाची, गार हवेची स्टेशनं बांधावीत. जुन्यात उंदीर आणि उकाडा सोडून आहे काय?" पंगतीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथं धड उत्तर देता आलं नाही, ते इथं देते.

माझं रोजचं स्टेशन चॉक फार्म. दोन रस्त्यांच्या बेचक्यात पाचरीसारखी बसलेली, बाहेरून कोकमाच्या आगळासारखी गडद लाल इमारत. १९०७ साली उघडली. पावसानंतर त्या लाल फरशांवरून पाणी ओघळतं तेव्हा जवळ जाऊन बघा. झिलईखाली केसासारख्या बारीक तडा आहेत, कडांना कुठे टवका उडालाय, आणि लाल रंग एकसारखा नाही. प्रत्येक फरशी भट्टीतून आपापली छटा घेऊन आली आहे. लेस्ली ग्रीन नावाच्या तरुण वास्तुविशारदाने अशी जवळपास पन्नास स्टेशनं चार-पाच वर्षांत उभी केली आणि १९०८ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तो गेला. आत पोलादी सांगाडा, वर सपाट छप्पर, म्हणजे पुढे कुणाला वर मजले चढवायचे असतील तर चढवता यावेत. खाली फलाटावर प्रत्येक स्टेशनच्या फरशांचे रंग आणि नक्षी वेगळी. रोजच्या माणसाला पाटी न वाचताही आपलं स्टेशन कळावं. इतका विचार जमिनीखाली, अंधारात, घाईत असलेल्या माणसांसाठी कुणीतरी केला, हे मला फार मोठं वाटतं.

आणखी एक कारण आहे, ते फक्त आपल्याला कळेल. या स्टेशनपासून थोडं चाललं की किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर येतं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथं राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. बाबासाहेब ट्यूबने, म्हणजे या भुयारी रेल्वेने, जात की चालत, यावर मी काही म्हणत नाही. पण ते इथं राहायला आले तेव्हा ही लाल भिंत चौदा वर्षांची होती आणि आजही तीच आहे. घराला मी हात जोडते, आणि जाता-येता या भिंतीलाही हात लावते.

बेकर स्ट्रीटचं तर काय सांगू. १० जानेवारी १८६३ रोजी जगातली पहिली भुयारी रेल्वे पॅडिंग्टनहून फॅरिंग्डनला निघाली, वाफेच्या इंजिनावर. बेकर स्ट्रीटचे पाच आणि सहा नंबरचे फलाट त्याच दिवसाचे. विटांची भली मोठी कमान, आणि भिंतीत तिरक्या खोल खिडक्यांसारखी भोकं. त्यातून वरचा उजेड आत यायचा आणि धूर बाहेर जायचा. आज तिथं दिवे आहेत. त्या कोनाड्यातल्या बाकावर बसून गाडीची वाट बघताना एकशे साठ वर्षांपूर्वीचा प्रवासीही इथंच खोकत बसला असेल, हे मनात येतंच.

ही स्टेशनं जपावीत, आणि चालती ठेवून जपावीत, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

दोन_जिने

ताई, लिहिलंय मनापासून. पण मला हे पटत नाही.

माझी आई गेल्या वर्षी साताऱ्याहून आली होती. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. एका जुन्या स्टेशनवर उतरलो तर लिफ्ट बंद. वर जायला गोल जिना, शंभराच्या वर पायऱ्या. ती दर दहा पायऱ्यांनी थांबायची, मागून येणाऱ्या माणसांना वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहायची आणि मला म्हणायची, "तू पुढे हो, मी येते." तिथंही भिंतीवर सुंदर हिरव्या फरशा होत्या. त्यांच्याकडे बघायचं त्राण आम्हा दोघांनाही नव्हतं. त्यानंतर उरलेला महिना ती घरातच बसली.

ट्यूबची २७२ स्टेशनं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त स्टेशनांत पायरी न चढता फलाटापर्यंत पोचता येत नाही. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे, पण लिफ्टमधून उतरल्यावर फलाटाकडे पुन्हा पायऱ्या आहेतच. आणि जिन्याने जायचं तर १९३. व्हीलचेअरवरच्या माणसाला तुम्ही काय सांगणार, नक्षी बघा म्हणून? जुन्या स्टेशनांवर प्रेम करायला आधी आत शिरता आलं पाहिजे.

रुळांवरून

मी रेल्वेच्या कामातच आयुष्य काढलंय, त्यामुळे दोन शब्द.

लोकांचा जीव लाकडी सरकत्या जिन्यांवरही होता. त्यांचा आवाज, त्यांचा वास, सगळ्याच्या आठवणी सांगतात. १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉसला अशाच एका जिन्याखाली पेटती काडी पडली. जिना १९३९ चा. खाली वर्षानुवर्षांचं ग्रीस, कपड्यांचे तंतू, केस, कागद. आग लहान दिसत होती. पण जिन्याच्या उताराच्या खाचेत ज्वाळा वर उठण्याऐवजी आडव्या पडून लाकडावरूनच वर सरकल्या आणि तिकीट हॉलमध्ये एकदम फुटल्या. ३१ माणसं गेली. आग अशी वागते हे तोवर नीट माहीतच नव्हतं, चौकशीत प्रतिकृती जाळून बघितल्यावर कळलं. त्यानंतर लाकडी जिने काढायला घेतले. शेवटचा ग्रीनफर्डचा, तो २०१४ पर्यंत होता.

उकाड्याचंही तेच. बोगदे खणले तेव्हा लंडनची चिकणमाती गार होती, साधारण १४ अंश. त्या काळी "उन्हाळ्यात ट्यूबमध्ये या, गार वाटेल" अशा जाहिराती करत. शंभर वर्षं ब्रेकची आणि मोटारींची उष्णता त्या मातीने पिऊन घेतली, आता ती स्वतःच तापली आहे. बोगदे इतके चिंचोळे की गाडीवर एसी बसवला तर त्याची गरम हवा सोडायची कुठे हा प्रश्न पडतो.

मला या इमारती आवडतात. पण जुनं ते आवडतं म्हणून हात लावायचा नाही, हे आमच्या धंद्यात चालत नाही.

मोगरा

ताईंशी सहमत. मी फक्त एक गोष्ट सांगते.

एम्बॅन्कमेंट स्टेशनवर नॉर्दर्न लाइनच्या उत्तरेकडे जाणाऱ्या फलाटावर "माइंड द गॅप" (फलाट आणि गाडीमधली फट सांभाळा) ही सूचना एका नटाच्या जुन्या आवाजात वाजायची. तो २००७ मध्ये वारला. त्याची बायको अधूनमधून फलाटावर येऊन बसायची, एखादी गाडी मुद्दाम सोडून द्यायची, आवाज ऐकायला. २०१२ च्या अखेरीस यंत्रणा बदलली आणि आवाज गेला. तिने विचारणा केली, कर्मचाऱ्यांनी जुनं ध्वनिमुद्रण शोधून काढलं आणि २०१३ मध्ये त्या एका फलाटावर तो आवाज परत लावला. आजही तिथं तोच ऐकू येतो. मी दर वेळी तिथं एक गाडी सोडते.

माझे बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे, एकोणीस सेकंदांचा. म्हणून ही गोष्ट मला शब्दशः कळते.

दोन_जिने

मोगराताई, वाचून गलबलून आलं. तो आवाज कायम राहावा. पण आवाज कुणाची वाट अडवत नाही, जिना अडवतो. मला हाच फरक धागाकर्तीकडून ऐकायचाय.

पारावरचा

मी पुण्यात असतो, त्यामुळे जरा वेगळं. मंडई, स्वारगेट, सिव्हिल कोर्ट ही आपली भुयारी स्टेशनं बघून झाली. मुंबईची ॲक्वा लाइन २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, तीही केली. सोय उत्तम, आईवडिलांना बिनधास्त नेता येतं. दोन_जिने यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण डोळे मिटून मला खाली उतरवलं आणि पाटी झाकली, तर बऱ्याच ठिकाणी कुठल्या स्टेशनवर उभा आहे हे मला सांगता येणार नाही. लेस्ली ग्रीनने फरशांच्या रंगावर स्टेशन ओळखू येईल अशी सोय केली होती. लिफ्टसुद्धा हवी आणि ओळखही हवी. ती ओळख देणं आपल्याकडे राहून गेलं, याची मला खंत आहे.

बुडापेस्टची पहिली भुयारी लाइन १८९६ ची. २००२ मध्ये जागतिक वारसा झाली आणि तरी रोज प्रवासी नेते-आणते. म्हणजे दोन्ही जमतं.

टेम्सकाठची

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. दोन_जिने, तुमच्या आईंचं "तू पुढे हो" हे वाक्य डोक्यातून जात नाही. मी मूळ लेखात फरशांवर इतकं लिहिलं आणि लिफ्टवर एक अक्षर नाही, ही माझी चूकच.

पण मी माझी बाजू सोडत नाही, उलट तुमच्याच मुद्द्याने ती पक्की झाली. ही ग्रीनची स्टेशनं मुळात लिफ्टचीच होती! सरकता जिना लंडनच्या ट्यूबमध्ये आला १९११ मध्ये. त्याआधीच्या या जवळजवळ सगळ्या इमारती लिफ्टभोवती आखलेल्या. लिफ्टची यंत्रं पहिल्या मजल्यावर, समोरच्या त्या मोठ्या अर्धगोल खिडक्यांमागे. गोल जिना अडचणीपुरता. म्हणजे लिफ्ट चालू ठेवणं हाच या स्टेशनांचा वारसा आहे.

आणि लिफ्टकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते ऑल्डविचला दिसतं. तेही १९०७ चं. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी तिथं आसरा घेतला, ब्रिटिश म्युझियमच्या मौल्यवान वस्तू बोगद्यात ठेवल्या होत्या. १९९४ मध्ये जुन्या लिफ्ट बदलायची वेळ आली. रोजचे प्रवासी जेमतेम साडेचारशे, खर्च परवडेना, ३० सप्टेंबरला स्टेशन बंद. आज तिथं सिनेमांचं चित्रीकरण होतं आणि तिकीट काढून फेरी मारता येते. फरशा जागेवर आहेत, पण गाडीची वाट बघणारं कुणी नाही. मी अशी एक फेरी केली आणि बाहेर येताना उदास झाले. मला असं जपणं नको आहे.

बेथनल ग्रीनचंही सांगते. ३ मार्च १९४३ ला हवाई हल्ल्याचा भोंगा झाला म्हणून माणसं आसऱ्याला खाली उतरत होती. ओला जिना, मिणमिणता दिवा, मधे धरायला कठडा नाही. कुणीतरी घसरलं आणि वरून माणसं पडत गेली. बॉम्ब पडलाच नव्हता, तरी १७३ गेले, त्यात ६२ मुलं. आज त्या जिन्याला कठडे आहेत. ते मागाहून बसवलेले कठडे मला तिथल्या सगळ्यात जुन्या विटेइतकेच त्या स्टेशनच्या इतिहासाचे वाटतात. स्मारक मात्र व्हायला २०१७ उजाडलं.

रुळांवरून

लिफ्टचं खरंय. पण अडचण नेमकी कुठे ते सांगतो. बहुतेक ग्रीन-स्टेशनांत लिफ्ट फलाटाच्या पातळीवर पोचतच नाही. ती बोगद्यांच्या थोडी वर थांबते, तिथून आडवी वाट, मग पंधरा-वीस पायऱ्या खाली फलाटावर. या शेवटच्या पायऱ्या काढायच्या तर लिफ्टसाठी नवी विहीर खणावी लागते, वाट नव्याने काढावी लागते, आणि मधे येणारी जुनी भिंत फोडावी लागते. धागाकर्तीने यावर बोलावं. भिंत फोडायची की नाही?

टेम्सकाठची

फोडायची. पण आधी फरशा एकेक करून उतरवायच्या, नंबर घालायचे आणि नव्या भिंतीवर त्याच क्रमाने लावायच्या. टॉटनहॅम कोर्ट रोडला शिल्पकार पाओलोझीची १९८० च्या दशकातली मोझेक होती. स्टेशन मोठं करताना बरीचशी वाचवली, पण सरकत्या जिन्यांवरच्या कमानी आधी तोडल्या आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर तुकडे एडिंबरा विद्यापीठात गेले. आरडाओरडा आधी झाला असता तर? म्हणून मी आधीच करते आहे.

आणि दादा, एक अपवाद तुम्हाला माहीत असणार. कॅलेडोनियन रोड.

रुळांवरून

हो, बरोबर. १९०६ चं, ग्रीनचंच, तीच लाल झिलई. तिथं लिफ्ट थेट फलाटाच्या पातळीवर उतरते. मधे एक पायरी नाही.

दोन_जिने

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे १९०६ मध्ये एका ठिकाणी हे जमलं होतं. मग बाकीच्या ठिकाणी आज जमत नाही असं मला कुणी सांगू नये. माझी तक्रार कमी झाली नाही, उलट वाढली.

आई मार्चमध्ये परत येते आहे. या वेळी "मी घरीच बरी" असं आधीच म्हणून ठेवलंय तिने. तिला पिकाडिली लाइनने कॅलेडोनियन रोडला नेईन, सकाळी दहानंतर, गर्दी ओसरल्यावर. लिफ्ट चालू आहे का ते निघायच्या आधी बघेन.

टेम्सकाठची

तारीख कळवा. मी बाहेर त्या लाल भिंतीपाशी थांबते. काकूंना थालीपीठ चालतं ना? डबा आणते.