शेतीसाठी नवीन बोअर नको, हा ठराव यंदाच करावा का?

ओढ्याकाठचा
आमचं गाव मराठवाड्यातलं. येत्या ग्रामसभेत विषय आहे : शेतीसाठी नवीन बोअर मारायची नाही. माझ्या मते ठराव व्हायलाच हवा आणि यंदाच व्हावा. पाऊस बरा झालाय, विहिरी तुडुंब आहेत, म्हणूनच यंदा. दुष्काळात कोण कुणाचं ऐकतो? तेव्हा बोअरची गाडी रात्रीतून येऊन उभी राहते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ती वेळ काय एका उन्हाळ्यात आली नव्हती. आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरतो तो मुख्यतः वरचा मुरमाड थर, तो पावसानं पुन्हा भरतो. पाचशे-सहाशे फुटांवरच्या भेगांतलं पाणी मुरायला फार काळ लागलेला असतो. ते उपसलं की पुढच्या मृगाला परत येत नाही.

कोरडवाहू
तुमची विहीर आधीच आहे ना? मग बंदी सोपीच की. ज्यांनी चार-चार बोअर मारून ऊस लावला त्यांचं पाणी चालू राहणार, आणि माझी तीन एकर जिरायत भिजवायची वेळ आली की दार बंद. यात भविष्य कुणाचं घडतंय ते तरी सांगा.

बागवान
२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडं मोसंबीच्या बागांचं सरपण झालं. झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. त्या उन्हाळ्यात बोअर मारू नको, असं बागवाल्याच्या तोंडावर कोण बोललं असतं? हा हंगाम निभावला तर पुढचा.

ओढ्याकाठचा
@बागवान, मारल्या की लोकांनी बोअर! कर्ज काढून मारल्या. बाग तरी गेलीच, वर हप्ते राहिले. एकाच भेगेवर शेजारच्यानं आणखी खोल गेलं की तुमची मोटर हवा ओढते.

साठ मीटर
कायदा आहेच हो. २००९ चा भूजल अधिनियम, २०१४ पासून लागू. ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली शेतीसाठी जायचं नाही. गाडीवाला मात्र आठशे फुटांचे पाइप घेऊनच निघतो. ठराव करा, पण रात्री अकराला गाडी अडवायला कोण जाणार ते त्यातच लिहा.

नगरची लेक
सगळे हिवरे बाजारचं नाव घेतात आणि नुसती बोअरबंदी उचलतात. पोपटराव पवारांच्या त्या गावात आधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, डोंगरावर चर असं सगळं झालं. शिवाय दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात : आधी माणसं-जनावरं, उरलं तर रब्बी. पाऊस कमी असेल तर जास्त पाण्याची पिकं कमी करायची. ऊस-केळीला तर मनाईच. नव्याला बोअर नाही आणि जुन्याच्या उसाला मोकळं रान, असला नियम दोन वर्षं टिकणार नाही.

फडकरी
ऊस सोडा म्हणायला काय जातंय! कारखाना उशिरा का होईना, एफआरपीनं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरानं, पैसे देतो. तुरीचा हमीभाव जाहीर होतो आणि बाजारात व्यापारी त्याच्या खाली मागतो. तुरीचा दर पक्का करा, मी स्वतः फड मोडतो. तोवर हे सगळं शहरात बसलेल्यांचं शहाणपण.
(नगरच्या ताई, तुम्हाला नाही म्हणालो.)

कोरडवाहू
ताळेबंद मला मान्य. पण मग पहिलं कलम हे : आहेत त्या सगळ्या बोअरना पाणी मोजायचं मीटर, आणि उपशाचे आकडे दर महिन्याला चावडीवर. नव्यांवरची बंदी त्यानंतर.

ओढ्याकाठचा
मीटर म्हटलं की निम्मी ग्रामसभा उठून जाईल. आमचा थोरलाच पहिला उठेल, त्याच्या दोन बोअर आहेत. आधी नवीन थांबवू, मीटरचं पुढच्या वर्षी बघू.

कोरडवाहू
दुष्काळात कोण ऐकतो, म्हणून यंदाच, हे तुम्हीच वर लिहिलंय. मग थोरल्याला पुढचं वर्ष कशाला? मीटर नसेल तर माझा हात वर होणार नाही, आणि आमच्या वस्तीवरचे वीसेक हातही.